गणिताचं टाचण सहीसाठी नको, मुलांच्या चुकांसाठी लिहूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी पेपरात गणितावर पत्रं येतात. पेपर अवघड काढला, पोरं मोबाईलमध्ये असतात, क्लासवाले लुटतात, सेमी बंद करा, कुणी म्हणतं सेमी वाढवा. सगळी पत्रं मी वाचते कारण मी स्वतः २१ वर्षं सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत नववी दहावीला गणित शिकवते. पण वर्गात पाय ठेवायच्या आधी शिक्षक त्या ३५ मिनिटांची तयारी काय करतो, कशी करतो, यावर कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी वाचनात आल्या नाहीत, आणि माझं म्हणणं असं आहे की निम्मं गणित तिथंच जमतं किंवा तिथंच बिघडतं.

शिक्षक नसलेल्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं टाचण वही नावाची एक वही असते, रोजच्या तासांची तयारी लिहायची. दिनांक, इयत्ता, घटक, उपघटक, उद्दिष्ट, पूर्वज्ञान, साहित्य, स्वाध्याय असे रकाने. आठवड्याला मुख्याध्यापकांची सही. मी पहिली आठ वर्षं ही वही अगदी नेटकी लिहिली, लाल पेन, निळं पेन, पट्टीनं रेघा, आणि खरं सांगायचं तर मागच्या वर्षीची समोर ठेवून उतरवली. साहित्याच्या रकान्यात खडू, फळा, डस्टर. त्या वहीचा वर्गातल्या एकाही मुलाला काही उपयोग झाला असं मला आज वाटत नाही.

डोळे उघडले ते एका घटक चाचणीत. नववीला बहुपदी शिकवून झालं होतं, तीन तास दिले होते, फळ्यावर दहा गणितं सोडवून दाखवली होती. पेपर तपासायला बसले तर अर्ध्याहून जास्त वर्गानं ए प्लस बी कंसाचा वर्ग म्हणजे ए वर्ग अधिक बी वर्ग असंच लिहिलेलं. हुशार मुलींनी पण. आधी राग आला, मग लक्षात आलं की ही चूक तर मला आधीच माहीत होती की, दरवर्षी होते, माझ्या आधीच्या सरांच्या वर्गात पण होत असणार. मग ती माझ्या टाचणात कुठंच का नव्हती? मी काय शिकवणार ते सगळं लिहिलं होतं, मुलं कुठं घसरणार ते एका ओळीतही नव्हतं.

तेव्हापासून मी दोन वह्या ठेवते. एक सहीची आणि एक माझी. माझ्या वहीत एका तासाला एकच पान, वर आजचा एकच प्रश्न, खाली मुलं त्याची कोणती चुकीची उत्तरं देतील ते, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला मी उलटा काय प्रश्न विचारणार ते. बास. उद्दिष्ट वगैरे काही नाही. पहिल्या वर्षी माझे अंदाज निम्मे चुकायचे, आता बऱ्यापैकी जमतात, कारण अशा प्रत्येक तासानंतर खरंच काय चुकलं ते पेन्सिलनं शेजारी लिहिते आणि पुढच्या वर्षी तेच पान उघडते.

त्या ए प्लस बी चं आता मी असं करते. सूत्र आधी सांगतच नाही. फळ्यावर लिहिते, ३ अधिक ४ चा वर्ग किती? सगळे ओरडतात ४९. मग ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग? ९ आणि १६, २५. मग मी विचारते, ४९ मधनं २५ गेले, राहिलेले २४ कुठं गेले? आणि गप्प बसते. वहीच्या चौकटीच्या पानावर ७ बाय ७ चा चौकोन काढायला सांगते, त्यात ३ चा एक आणि ४ चा एक असे दोन चौकोन रंगवा म्हणते. कोपऱ्यात दोन पट्ट्या मोकळ्या राहतात, ३ बाय ४ च्या, १२ आणि १२. ज्या मुलानं ते २४ स्वतः शोधलेत त्याला टू ए बी पाठ करावं लागत नाही, त्याला त्या दोन मोकळ्या पट्ट्या दिसतात. एक मुलगी तर दहावीत गेल्यावर पण पेपरात कच्च्या कामात तो चौकोन काढायची.

आता हे "गप्प बसते" म्हणाले ते वाटतं तितकं सोपं नाही. आपण शिक्षक प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो किंवा पुढच्या बाकावरच्या चौघांकडं बघतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या एका बाईंनी ५० वर्षांपूर्वी वर्गांच्या टेप ऐकून हे मोजलं होतं, शिक्षक प्रश्नानंतर साधारण एखादाच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंदांच्या वर थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मी हे वाचल्यावर वर्गात करून बघितलं, मनातल्या मनात पाच मोजायचे. पहिल्यांदा फार अवघड जातं, बाहेर लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट चालू, आत शांतता, आपल्यालाच वाटतं की आपण काही करत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभर ज्याचा आवाज ऐकला नव्हता, मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "थांबा की मॅडम, करूलालोय." तो तास मी विसरणार नाही.

पूर्व भागातली मुलं कोण ते सोलापूरकरांना सांगायला नको. घरात तेलुगू, गल्लीत मराठी हिंदी मिक्स, अक्कलकोटकडनं आलेल्यांच्या घरात कन्नड, आणि गणिताचं पुस्तक सेमीमुळं इंग्रजीत. २०१९ ला दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं दिलं तेव्हा केवढं रान उठलं होतं, गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर बाईंना किती काय काय ऐकून घ्यावं लागलं. मी तेव्हा पण म्हणत होते की एकदा आमच्या शाळेत येऊन बघा. तेलुगूत आधी दशक बोलतात मग एकक, ५७ म्हणजे याभै एडु, पन्नास सात. इंग्रजीत पण तसंच, फिफ्टी सेव्हन. आणि मराठीत सत्तावन, म्हणजे सात आधी. आमच्याकडं आठवीत आलेली मुलं सुद्धा घाईत सत्तावन ऐकून ७५ लिहितात, आणि मग शिक्षक म्हणतो गणित कच्चं आहे. गणित कच्चं नाही हो, कानानं आधी सात ऐकला म्हणून हातानं आधी सात लिहिला. हे माहीत असेल तर तोंडी गणित घालताना आकडा बोलायचा पण आणि फळ्यावर टाकायचा पण, एवढंच करायचं असतं. माझ्या वहीत ते पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

शब्दांचं पण तेच. समरूप, सिमिलर, दोन्ही शब्द मुलांना सारखेच परके. मी व्याख्या शेवटी देते, आधी त्यांनाच त्यांच्या शब्दात सांगायला लावते. एकरूप त्रिकोणांना एक जण म्हणाला सेम टू सेम. समरूपला दुसरी म्हणाली झूम केलेला फोटो. किती बरोबर आहे बघा! मग मी विचारलं, फोटो नुसता आडवा ताणला, माणसं जाडी दिसायला लागली, तर ते चालेल का? नाही मॅडम, मग तोंडच बदलतंय. म्हणजे काय बदललं? बाजू सगळ्या एकाच पटीत वाढायला पाहिजेत हे वाक्य त्या चर्चेतनं वर्गानंच काढलं, मी फक्त फळ्यावर लिहिलं आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहिला.

त्याच धड्यातला पुढचा तास सांगते, कारण मला तो सगळ्यात आवडतो. दहावीला समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग, हे प्रमेय पहिल्याच धड्यात आहे. सिद्धता मुलं घोकतात आणि पेपरात गाळतात. मी टॉवेल घेऊन जाते. एक हातरुमालाएवढा नॅपकिन आणि एक बरोब्बर त्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद टॉवेल, पोत तोच, सूत तेच. प्रश्न एकच, मोठ्याला सूत किती पट लागेल? माझ्या वहीत आधीच लिहिलेलं असतं, बहुतेक जण दुप्पट म्हणणार. तसंच होतं दरवर्षी. मी चूक की बरोबर काही सांगत नाही, फळ्यावर दुप्पट लिहिते, कुणी तिप्पट म्हणालं तर ते पण लिहिते, आणि कारण विचारते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा उठला, वडील लूमवर कामाला, सुट्टीत हा पण तिथंच. म्हणाला, "मॅडम, ताण्याचे धागे डबल लागतेत आणि एकेक धागा पण डबल लांब. मग चौपट झालं की. बाण्याचं पण तसंच." ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. वर्ग एकदम शांत. मग मागनं कुणीतरी म्हणालं, अरे हो बे. त्या मुलानं क्षेत्रफळाचं अख्खं प्रमेय ताण्याबाण्यात सांगितलं आणि त्याला माहीतही नव्हतं की त्यानं प्रमेय सांगितलं. मग मी विचारलं, तिप्पट लांब रुंद चादर असेल तर? नऊपट, सगळ्या वर्गानं. त्यानंतर त्रिकोणाची सिद्धता घ्यायला मला दहा मिनिटं पुरली.

असंच विडीचं. आमच्या कितीतरी मुलींच्या आया विड्या वळतात, मजुरी हजारावर. हजाराला इतके तर साडेसातशेला किती, हे सातवी आठवीतली पोरगी आईचा हिशोब तपासताना कागद न घेता सांगते, हजाराचे निम्मे, निम्म्याचे निम्मे, दोन्ही मिळवा. तीच पोरगी गुणोत्तर प्रमाणात नापास होते कारण तिथं क्ष आहे आणि तिरकस गुणाकार आहे. तिच्या डोक्यातली रीत आधी फळ्यावर लिहून घ्यायची, नावासकट, आणि मग पुस्तकातली रीत शेजारी मांडायची, दोन्हीचं उत्तर एकच येतंय हे तिला दिसलं पाहिजे.

फळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जपानमध्ये शिक्षक शक्यतो तासभर फळा पुसत नाहीत, प्रश्न, मुलांच्या वेगवेगळ्या रीती, चुका आणि शेवटी निष्कर्ष हे सगळं एका फळ्यावर दिसेल असं आधीच ठरवून येतात. तिकडं शिक्षक मिळून एकाच तासाची आखणी करतात, मग एक जण शिकवतो, बाकीचे मागं बसून मुलांच्या वह्या बघतात, आणि नंतर त्या तासावर बोलतात, शिकवणाऱ्यावर नाही. आमचा फळा लहान आहे म्हणून मी मधोमध रेघ मारते आणि डावी बाजू शेवटपर्यंत पुसत नाही. चुकलेलं उत्तर फळ्यावर राहिलं की ज्यानं दिलं त्याला सुरवातीला लाजल्यासारखं होतं, पण महिन्याभरात मुलांना कळतं की मॅडम चुकीवरच तास चालवतात, आणि मग हात जास्त वर येतात.

तास संपताना शेवटची चार मिनिटं मी राखून ठेवते. अर्ध्या पानाची चिठ्ठी, आजच्यातलं एक गणित, नाव लिहून द्यायचं. मार्क नाहीत. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत साठ चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे होतात, जमलेलं, अर्धं जमलेलं, अजिबात नाही. मधला गठ्ठा सगळ्यात महत्त्वाचा, तिथं उद्याचं टाचण असतं. कधी कधी तीन चतुर्थांश मुलं एकाच जागी अडकलेली असतात, उदाहरणार्थ उंची काढायच्या गणितात. ध्वजस्तंभाची उंची मोजायला आम्ही कोनमापक, दोरा आणि एक नट घेऊन मैदानात जातो, ४५ अंशाचा कोन येईपर्यंत मागं सरकायचं, मग अंतर तेवढीच उंची. चिठ्ठ्यांमध्ये बघितलं तर जवळजवळ सगळे स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवायला विसरलेले! दुसऱ्या दिवशी नवीन काही न घेता एकच प्रश्न, कोन कुठून मोजला, जमिनीवरून की डोळ्यातनं?

गृहपाठाचं पण थोडं बोलते. सरावसंच २.३ मधली सगळी गणितं एकाच पद्धतीची असतात, मुलाला रीत निवडावीच लागत नाही, वर नाव लिहिलेलंच असतं की ही पूर्ण वर्ग पद्धतीनं सोडवा. बोर्डाच्या पेपरात ४० मार्काला दोन तासात सगळे धडे मिसळून येतात आणि मुलगा म्हणतो, मला येत होतं पण कळलं नाही काय करायचं. म्हणून मी दहा गणितं दिली तर त्यातली चारच आजची, बाकीची जून जुलैमधली. मुलं कुरकुरतात, पालकांचे फोन येतात की मॅडम झालेलंच परत का देता. द्यायचंच. विसरत आलेलं परत आठवायला लागतं तेव्हाच ते पक्कं होतं.

सगळंच असं शोधून काढायला लावता येत नाही हे पण मला मान्य आहे. भौमितिक रचनेला कंपास हातात धरून दहा वेळा काढल्याशिवाय पर्याय नाही. आणि पाढे तर पाठच पाहिजेत, तीसपर्यंत नाही म्हणत मी पण वीसपर्यंत तरी, कारण वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना गुणाकार ५६ आणि बेरीज १५ येणाऱ्या दोन संख्या शोधायच्या आणि साता आठा छप्पन्न माहीत नाही, तर ते पोर तिथंच बसतं. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी मी नवीन वर्गाला कापरेकरांचा ६१७४ देते. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या मराठी मास्तरांनी शोधलेली संख्या, चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा, परत तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५, ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढं ६१७४ च येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतोच. मुलांना ती जादू वाटते, आणि मला अर्ध्या तासात कळतं की कुणाला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही. ती नावं त्याच दिवशी वहीत.

पोर्शन कधी संपणार, हा प्रश्न मला दर प्रशिक्षणाला माझ्याच सहकाऱ्यांनी विचारलाय. असं शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी दिवाळीला मी एक धडा मागं होते, झोप उडाली होती. पण जानेवारीत रिव्हिजनला जे दोन महिने लागायचे ते तीन आठवड्यात झालं. हे मी माझ्या वर्गाचं सांगते, सगळ्यांना तसंच होईल असा दावा नाही. साठ मुलं, त्यात निवडणुकीचं काम, सर्व्हे, ऑनलाईन माहिती भरणं, ऑफ तासाला दुसऱ्याचा वर्ग, यातनं रोज प्रत्येक तासाचं असं पान लिहिणं कुणालाच शक्य नाही. मी आठवड्याला दोनच तासांची पानं लिहिते, बाकीचे साधे जातात. दोनच, पण एवढ्या वर्षांत त्याची जाड वही झालीय, आणि तीच माझी खरी कमाई आहे.

म्हणून तुमच्यामार्फत शिक्षण खात्याला आणि संस्थाचालकांना दोन विनंत्या आहेत. एक, टाचण तपासताना रकाने भरलेत का ते बघू नका, "या तासात मुलं कुठं चुकतील असं तुम्हाला वाटतंय?" एवढं एक विचारा आणि त्यावर पाच मिनिटं बोला. दुसरी, महिन्यातनं एक शनिवार आसपासच्या तीन चार शाळांच्या गणित शिक्षकांना एकत्र बसू द्या. परिपत्रकं वाचायला नको, कुणीतरी एकानं तास घ्यायचा, बाकीच्यांनी मुलांच्या बाकाजवळ बसून बघायचं. साताऱ्याहून सोलापूरला तज्ज्ञ बोलवायची गरज नाही, जी माणसं इथल्या पोरांची भाषा जाणतात ती इथंच आहेत, फक्त एकेकट्यानं बंद दारामागं शिकवतायत. परितेवाडीसारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतनं डिसले गुरुजींना २०२० ला जागतिक पुरस्कार मिळाला, पुस्तकावरचे क्यूआर कोड त्यांच्याच प्रयोगातनं पुढं आले, म्हणजे आपल्या जिल्ह्यात करून दाखवणारी माणसं आहेत हे सिद्ध झालेलंच आहे.

सुरवात माझ्यापासून करते. येत्या सोमवारी दहावी ब ला मी वर्तुळ सुरू करतेय. पुठ्ठ्याचा एक कोन कापलाय, बोर्डावर दोन टाचण्या टोचायच्या, कोनाच्या दोन्ही बाजू टाचण्यांना टेकवून पुठ्ठा सरकवत जायचा आणि टोकाची जागा दर वेळी पेन्सिलनं टिंब करायची. प्रश्न, ही टिंबं जोडली तर काय तयार होईल? माझ्या वहीत लिहिलंय की बहुतेक जण सरळ रेघ म्हणतील, दोघं तिघं त्रिकोण म्हणतील. आसपासच्या ज्या कुणा गणित शिक्षकांना तास बघायला यायचं असेल त्यांनी खुशाल यावं, मुख्याध्यापकांना मी विचारून ठेवलंय. नाव आणि शाळा छापू नका, पण कुणी मागितलं तर तुमच्याकडनं जरूर द्या.

आपली,
एक गणित शिक्षिका, सोलापूर